जाड दाढी, फेस आणि पात्यांची संख्या : पार्श्वभूमी

जाड दाढीसाठी रेझर घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो पात्यांचा: दोन, तीन की पाच? हा प्रश्न जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. त्याआधी चर्चा व्हायची ती पोलादाची, आणि त्याही आधीपासून पाण्याची आणि साबणाची. जाड दाढीच्या खऱ्या अडचणी त्या जुन्या चर्चेत होत्या आणि त्यांची उत्तरेही बरीचशी तिथेच मिळाली होती. पात्यांची संख्या मागाहून आली, वेगळ्या कामासाठी आली, आणि तिने निवडीचा सगळा गुंता करून ठेवला.

आधी शब्दांचे बघू. मराठीत 'दाट' आणि 'राठ' हे दोन वेगळे शब्द आहेत. दाट म्हणजे तेवढ्याच जागेत केस जास्त. राठ म्हणजे एकेक केस जाड आणि कडक. इंग्रजी वेष्टणावर दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि मराठीत तो 'जाड दाढी' होऊन येतो. दाट दाढीत रेझर तुंबतो, राठ दाढीत तो ओढतो. ओळखायचे कसे? कोरे पाते लावून हनुवटीवर पहिलाच हात मारताना केस ओढले गेले तर दाढी राठ. हात सरळ गेला, पण दोन-तीन हातांतच पात्यांमधल्या फटी बुजल्या, तर दाढी दाट. दोन्ही एकत्र असू शकते, पण उपाय वेगवेगळे आहेत आणि खाली जे येईल ते मुख्यतः राठ दाढीबद्दल आहे, कारण इतिहासात तिचीच जास्त आबाळ झाली.

दाढीचा केस डोक्यावरच्या केसापेक्षा जाड असतो. त्याचा छेद क्वचितच गोल असतो. कधी अंडाकृती, कधी तिकोनी. वरच्या खवल्यांचे थरही जास्त असतात. कोरडा असताना तो तारेसारखा वागतो. पाणी मुरले की केसातल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल पडतात, केस साधारण १५ टक्के फुगतो आणि कापायला लागणारा जोर बराच उतरतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत याची पद्धतशीर मोजमापे झाली. केस मऊ करते ते पाणीच, गरम पाण्याने ते लवकर होते, आणि दोन-तीन मिनिटांत जेवढा फरक पडायचा तेवढा पडून जातो, हे त्यातून दिसले. साबणाचे काम दोन गोष्टींचे: केसावरचा तेलाचा थर काढून पाण्याला वाट करून देणे आणि मुरलेले पाणी टिकवून धरणे. म्हणून क्रम असा: आधी साध्या साबणाने तोंड धुवायचे, मग सोसेल इतक्या गरम पाण्याने दोन-तीन मिनिटे दाढी भिजत ठेवायची, आणि तोंड न पुसता ओल्यावरच फेस लावायचा. तोंड पुसून क्रीम लावणे ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.

क्रीमचा इतिहास या नजरेने पाहिला तर तो केसापर्यंत पोचणारे पाणी हळूहळू कमी होत जाण्याचा इतिहास आहे. जुना दाढीचा साबण स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे चरबीतून मिळणाऱ्या आम्लाचा. सोडियमच्या अल्कलीने तो कडक वडी होतो, पोटॅशियमच्या अल्कलीने मऊ राहतो. पोटॅशियमचे प्रमाण आणि पाणी वाढवले की ट्यूबमधले क्रीम तयार होते. त्यातले ग्लिसरीन फेस वाळू देत नाही. पहिल्या महायुद्धात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमधून अँथ्रॅक्स या घातक रोगाची लागण झाली आणि ब्रशावरचा विश्वास डळमळला. १९२० च्या सुमाराला बिनब्रशाचे क्रीम बाजारात आले. त्यात साबण थोडाच, बाकी स्टिअरिक आम्ल पाण्यात घोटलेले. ते त्वचेवर छान घसरते, पण तेल काढत नाही. मऊ दाढीला ते पुरते. राठ दाढीवर ते वापरायचे असेल तर आधी साबणाने तोंड धुणे अजिबात टाळता येत नाही. १९४९ मध्ये डब्यातला तयार फोम आला. त्याचे आकारमान मोठे, पण त्यात बहुतांश वायू. केसाला लागून असलेले पाणी थोडे.

१९७० मधले जेल त्यापेक्षा विचारपूर्वक केलेले आहे. त्यात आयसोपेंटेन असते, ते साधारण २८ अंश सेल्सिअसला उकळते. म्हणून डब्यातून निघते तेव्हा जेल, आणि गालावर चोळताना त्वचेच्या उबेने बोटांखाली फसफसून पांढरे होते. तोवर ते चोळले गेलेले असते आणि केसाच्या मुळाशी पोचलेले असते. तयार वस्तूंपैकी राठ दाढीसाठी निवड करायची तर फोमपेक्षा जेल बरे. मात्र लावल्यावर निदान एक मिनिट थांबावे आणि ओल्या बोटांनी एकदा पुन्हा चोळावे.

तरीही ब्रश आणि साबणी क्रीम यांना राठ दाढीवर पर्याय नाही, असे स्पष्ट म्हणायला हवे. ब्रश भिजवून दोनदा झटकायचा, बदामाएवढे क्रीम घ्यायचे आणि थेंब थेंब पाणी वाढवत दीड-दोन मिनिटे गोल फिरवायचा. फेस पिठूळ, बिनचमकीचा दिसला तर पाणी कमी आहे. डोळ्यांना बुडबुडे दिसले तर जास्त झाले आहे. ब्रश उलटा धरल्यावर फेस जागेवर राहिला आणि त्यावर ओलसर चकाकी असली की जमला. पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम साबणाशी बांधले जाते, पांढरा साका धरतो आणि फेस गालावर लावल्या लावल्या बसतो. तेव्हा क्रीम दीडपट घ्यावे किंवा फेसापुरते शुद्ध पाणी वापरावे. फेस फुसका निघाला म्हणून ब्रशाला नावे ठेवली जातात. दोष बहुधा पाण्याचा असतो.

आता रेझर. कुदळीच्या आकाराचे सेफ्टी रेझर एकोणिसाव्या शतकात होतेच, पण त्यांना पाते वस्तऱ्यासारखेच परजावे लागे. फेकून देता येणाऱ्या पातळ दुधारी पात्याच्या रेझरचे अमेरिकन पेटंट १९०४ चे, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ३५ लाख रेझर व ३ कोटी ६० लाख पाती मागवली गेल्यावर ते घरोघर पोचले. पाती कार्बन पोलादाची होती. धार उत्तम, पण दोन दाढ्यांच्या मधल्या वेळात ओलाव्याने तिच्यावर सूक्ष्म गंज चढायचा आणि तीन-चार दाढ्यांत पाते संपायचे. राठ दाढीवर त्याहून लवकर.

१९६२ च्या सुमाराला तलवारी बनवणाऱ्या एका जुन्या ब्रिटिश कंपनीने स्टेनलेस पोलादाची पाती बाजारात आणली आणि सगळे गणित बदलले. नुसत्या स्टेनलेसने काम झाले नसते. ते तसे वापरले तर ओढते. धारेवर भाजून बसवलेल्या टेफ्लॉनच्या जातीच्या थराने केसाशी होणारे घर्षण उतरले आणि गंज न धरणारी धार बरीच जास्त दिवस चालू लागली. राठ दाढीसाठी विसाव्या शतकातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच. पण पाती मोजून विकणाऱ्या धंद्याला टिकाऊ पाते परवडत नाही. बाजारातल्या सर्वांत मोठ्या अमेरिकन कंपनीला वर्षभरात आपले स्टेनलेस पाते काढावे लागले, आणि त्यानंतर तिला हवे होते असे काहीतरी जे इतरांना सहज बनवता येणार नाही.

एकाऐवजी दोन पाती लावण्याचा निर्णय इथे येतो. त्या कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत १९६४ मध्ये एक निरीक्षण झाले होते. पाते केस कापते तेव्हा कापता कापता त्याला मुळातून किंचित वर ओढते, आणि केस लगेच मागे सरकत नाही. त्या क्षणार्धात मागून दुसरे पाते आले तर तोच केस आणखी खाली कापला जातो. यावरून दोन पात्यांचे दोन नमुने तयार झाले. एकात पाती एकमेकांकडे तोंड करून बसवलेली होती, त्यामुळे रेझर वर-खाली घासत चालवायचा. दुसऱ्यात पाती एकामागे एक, हात नेहमीसारखाच. वापरून पाहणाऱ्यांच्या चाचण्यांत पहिला नमुना सरस ठरला होता. पण लोकांना दाढी करण्याची पद्धत नव्याने शिकवावी लागणार होती. तेवढ्यात, १९७० मध्ये, त्या ब्रिटिश प्रतिस्पर्ध्याने प्लॅस्टिकमध्ये पक्के बसवलेल्या एकाच पात्याचे कार्ट्रिज आणले. आता वेळ नव्हता. एकामागे एक पात्यांचा नमुना लवकर बनवता येण्यासारखा होता. तो निवडला गेला आणि १९७१ मध्ये विक्रीला आला.

या निवडीकडे व्यापारी चाल म्हणून पाहणारे आहेत आणि तंत्राची झेप म्हणून पाहणारेही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, पण राठ दाढीचा विचार त्या टेबलावर नव्हता, हे जास्त महत्त्वाचे. राठ दाढीला जी ओढ नकोशी असते, त्या ओढीवरच ही रचना उभी आहे. मऊ, सरळ केसाला पहिल्या पात्याची ओढ कळतही नाही आणि दुसऱ्याने तो त्वचेच्या पातळीखाली कापला जातो. गाल संध्याकाळपर्यंत गुळगुळीत राहतो. राठ केस मात्र ओढला गेलेला जाणवतो. तो कुरळाही असला तर त्वचेखाली कापलेले त्याचे तिरपे, टोकदार टोक सरळ बाहेर न येता मुळाच्या भिंतीतूनच आत घुसते. मानेवरचे लाल फोड, ज्यांना बरेच लोक 'क्रीम सोसले नाही' म्हणतात, ते पुष्कळदा असे आत वाढलेले केस असतात. क्रीम बदलून ते जात नाहीत.

दुसरी गोष्ट कोनाची. दुधारी पात्याचा रेझर त्वचेशी साधारण ३० अंशांत धरायचा असतो आणि तो कोन मनगटाने सांभाळायचा असतो. कार्ट्रिजने कोन प्लॅस्टिकमध्ये बंद केला. नवशिक्याला यात मोठी सोय झाली, हे मान्यच. पण हनुवटीच्या वळणावर किंवा जबड्याच्या कडेला कोन जरासा उभा करून कडक केस सोपा करून घेण्याची मुभा गेली, आणि लोक ती उणीव दाब देऊन भरून काढू लागले. दाब दिला की त्वचा पात्यांच्या मध्ये फुगते आणि सोलली जाते.

पुढचा क्रम भराभर झाला: १९७७ मध्ये हलणारे डोके, १९८५ मध्ये ओलाव्याने निसरडी होणारी पट्टी, १९९० मध्ये स्प्रिंगवर बसवलेली पाती, १९९८ मध्ये तीन, २००३ मध्ये चार आणि २००६ मध्ये पाच. पाती वाढवताना त्यांच्यातले अंतर कमी केले गेले, सुमारे दीड मिलिमीटरवरून एकाच्या आसपास. त्यामुळे दाब वाटला जातो आणि फुगवटा कमी होतो, हा खरा फायदा आहे. पण दाट दाढीचे कापलेले केस आणि फेस त्याच फटींत अडकतात. पाच पाती वापरायचीच असतील तर दर हाताला धुवावे लागते, मागची बाजू उघडी असलेलेच कार्ट्रिज घ्यावे लागते, आणि तीन दिवसांची वाढ असेल तर आधी ट्रिमरने एक-दोन मिलिमीटरवर आणणे भाग आहे. २०१० च्या दशकाच्या अखेरीस मानेवरच्या फोडांनी त्रासलेल्यांसाठी म्हणून दोनच पात्यांचे आणि मध्ये त्वचा उचलून धरणारा दांडा असलेले कार्ट्रिज निघाले. पाचावरून परत दोनावर येणे, आणि तेही ओढ कमी करण्यासाठी, ही त्या १९७१ च्या निवडीतली त्रुटी मान्य केल्यासारखेच आहे.

त्याच दशकात दुधारी रेझरही पुन्हा विकले जाऊ लागले. तिथे निवड तीन गोष्टींवर करावी. पहिली, पाते आणि खालची पट्टी यांतली फट. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची सौम्य, पाऊण मिलिमीटरची मध्यम, एकाच्या पुढची जहाल. राठ दाढीला सौम्य रेझर 'सुरक्षित' म्हणून देतात ते चुकीचे आहे. तो एका हातात काप पूर्ण करत नाही आणि एकाच जागी चार वेळा फिरवावा लागतो. मध्यमपासून सुरुवात करावी. दुसरी, पाते बाहेर किती डोकावते. ते वरच्या-खालच्या कडांच्या रेषेतच असावे किंवा किंचित पुढे. तिसरी, पट्टी सलग की फणीसारखी. फणीतून लांब केस आणि फेस निघून जातो, म्हणून दाट दाढीला किंवा दोन-तीन दिवसांआड करणाऱ्याला फणी. पहिला हात केसांच्या दिशेने, दुसरा पुन्हा फेस लावून आडवा. मानेवर उलटा हात मारू नये.

पाते किती दिवस चालवायचे याला २०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाने भक्कम आधार दिला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचा केस कापताना पाहिले तेव्हा दिसले की धार नुसती झिजत नाही, तिचे कपचे उडतात. केस पोलादाहून पन्नास पट मऊ, तरीही. मात्र त्यासाठी दोन-तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: केस वाकून धारेला तिरका भिडणे, त्या जागी पोलादाची घडण असमान असणे, आणि धारेवर आधीच सूक्ष्म चीर असणे. यातले पोलाद आपल्या हातात नाही, पण केसाचे वाकणे आणि कडकपणा बराचसा आहे. नीट न भिजलेल्या राठ दाढीवर कोरे पाते दोन-तीन वेळांतच खरखरू लागते. तेच भिजवलेल्या दाढीवर पाच-सहा वेळा चालते. पाते बदलायची खूण हनुवटीवर मिळते, गालावर नाही. पाते टॉवेलला पुसू नये, धार दुमडते. पाण्याखाली धरून झटकावे आणि कोरड्या जागी ठेवावे. आणि दाढी करताना गाल आधी, मग मान, हनुवटी व ओठांवरचा भाग सगळ्यात शेवटी घ्यावा, म्हणजे सर्वांत राठ केसांना फेसाखाली भिजायला सर्वांत जास्त वेळ मिळतो.