कार्पेट एरिया वेगळा, कामाला येणारी जागा वेगळी

भिंतींसकटचं क्षेत्रफळ आणि कार्पेट एरिया (बाहेरच्या भिंती वगळून आतलं क्षेत्रफळ) यांतला फरक बहुतेकांना पाठ आहे, तो इथे उगाळत नाही. प्लास्टर-टाइल्सनी खाल्लेले इंचही सोडून देऊ. घोळ पुढे आहे. कामाला येणारी जागा म्हणजे दारांमधल्या वाटा वजा करून उरते ती, आणि तीही सलग. लहान फ्लॅटचा आराखडा बरा की वाईट, हे तिच्यावर ठरतं. माहितीपत्रकात छापतात मात्र कार्पेट एरिया.

दहा बाय बाराची खोली घ्या, १२० चौरस फूट. समोरासमोरच्या दहा फुटी भिंतींत एकेक दार. एक डाव्या कोपऱ्याकडे, दुसरं उजव्या. मग माणूस खोली तिरकी कापत जातो. अडीच फूट रुंद वाट साधारण १४ फूट लांब, म्हणजे ३५ चौरस फूट गेले. दोन्ही दारं एकाच बाजूला सरळ रेषेत घेतली, तर जातात ३०. वाचले जेमतेम पाच, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण आकडा सोडा, उरलेला आकार बघा. पहिल्या खोलीत उरतात दोन तिकोनी तुकडे, दुसरीत साडेसात बाय बाराचा अखंड चौकोन. त्याच्या बारा फुटी भिंतीला पाच फुटी पलंग, शेजारी दोन फूट ये-जा आणि पाच फुटांचं कपाट, सगळं ओळीने बसतं. लगतच्या दोन भिंतींत, एकाच कोपऱ्यापाशी दोन्ही दारं आली तर आणखी उत्तम: वाट दहाएक चौरस फुटांत आटोपते.

'पॅसेज म्हणजे वाया गेलेली जागा' हे तर ऐकून ऐकून कान किटले. पॅसेज काढला म्हणून चालणं थांबत नाही. वाट हॉलमध्ये शिरते. दोन बेडरूम, स्वयंपाकघर आणि संडास यांची दारं हॉलच्या चारी भिंतींत फुटली, की तिघांच्या सोफ्याला साडेसहा फूट सलग भिंत मिळत नाही. साडेतीन बाय चारची लॉबी, अवघे १४ चौरस फूट, यांतली तीन दारं पोटात घेते. शिवाय संडासाचं दार जेवणाऱ्याच्या तोंडासमोर उघडत नाही. दहा फूट लांब बोळ मात्र शुद्ध उधळपट्टी.

आणि ते कोपऱ्यापासून फूटभर सोडून बसवलेलं दार! एक तर चौकटीपुरते चार इंच सोडा, नाहीतर सरळ सव्वादोन फूट, म्हणजे दोन फूट खोलीचं कपाट तिथे मावेल. मधल्या एका फुटात फक्त झाडू उभा राहतो.

आराखडा तपासताना त्यात काढलेल्या फर्निचरवर विसंबू नका. पलंग दाराशी ताडून पाहा: तीन फुटी दाराच्या जेमतेम दीडपट भरला, तर तो साडेचार फुटीच आहे. ग्राफ पेपरवर एक चौकोन एक फूट धरून खोली काढा, दारापासून दारापर्यंत अडीच फुटी पट्टे रंगवा आणि कोऱ्या भागातला सगळ्यात मोठा चौकोन मोजा.

हे काम बांधकामाआधीच व्हायला हवं. चार इंची विटांच्या आडभिंतीतलं दार नंतर सरकवता येतं. अॅल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभारलेल्या इमारतीत मात्र आतल्या भिंतीही बहुधा काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. तिथे दाराची जागा साचे बनतानाच पक्की होते.