हजेरीपत्रक आडवं वाचून बघा

"सर, ती बारक्याला घिऊन घरीच हाय," मागच्या रांगेतून आवाज आला. गुरुजींनी मान वर न करता चौकोनात लाल खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. वाळवा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, चौथीचा वर्ग, पट तीस. पाच मिनिटांत हजेरी संपली. तळाला बेरीज झाली: मुलगे १४, मुली १३, एकूण २७. तो आकडा आधी स्वयंपाकघरात गेला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे या वर्गाचा २ किलो ७०० ग्रॅम. मग तोच आकडा मोबाईलवरून वर गेला.

बारक्याला सांभाळणारी ती मुलगी मात्र या २७ मध्ये कुठंच दिसत नाही. न आलेले तिघं कोण, कालचेच का आज वेगळे, हे त्या आकड्याला विचारून कळत नाही.

हजेरीपत्रक म्हणजे शेवटी एक तक्ता. आडव्या ओळीत मूल, उभ्या रकान्यात तारीख. उभी बेरीज रोज होते, कारण ती रोज कुणीतरी मागतं. आडवी बेरीज होते महिनाअखेरीला, तीही अहवालाच्या गडबडीत. आणि मुलाचं काय चाललंय हे कळतं ते आडव्या ओळीतून.

थोडं गणित करू. तीस मुलं, महिन्यात वीस दिवस शाळा, म्हणजे ६०० हजेऱ्या. त्यातले ४२ खाडे पडले तर उपस्थिती ९३ टक्के. कुणीही खूश होईल. आता हे ४२ खाडे दोन तऱ्हांनी पडू शकतात. एका वर्गात अठरा मुलांचा एकेक आणि बारा मुलांचे दोन-दोन. सर्दी, पाहुणे, मामाच्या गावची जत्रा. दुसऱ्या वर्गात सत्तावीस मुलं एकही दिवस चुकवत नाहीत आणि उरलेल्या तिघांचे प्रत्येकी चौदा. दोन्ही वर्ग कागदावर ९३ टक्क्यांचेच. पहिल्यात काळजीचं काही नाही. दुसऱ्यातली तीन मुलं शाळेतून जवळजवळ गेलेली आहेत. सरासरी हे झाकते, आणि इतकं बेमालूम झाकते की मुख्याध्यापकालाही पत्ता लागत नाही.

म्हणून अमेरिकेत शाळांचं मोजमाप करणारे सरासरीऐवजी दुसरा प्रश्न विचारू लागले: वर्षातले दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस चुकवणारी मुलं किती? कोरोनाआधी त्यांचं प्रमाण सुमारे १५ टक्के होतं, २०२१-२२ मध्ये ते २८ च्या आसपास गेलं. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरवून दिलेत. चौथीच्या मुलीसाठी दहा टक्के म्हणजे वीस दिवस. महिन्याला दोन. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणूनच ते हातातून निसटतं. आणि आठवड्याच्या सहा दिवसांतला एकच, पण ठरलेला दिवस चुकत असेल तर? वर्षाचा सहावा हिस्सा गेला.

आपली सरकारी व्याख्या इथं कमी पडते, असं मला वाटतं. सलग महिनाभर शाळेत न आलेलं मूल 'शाळाबाह्य' धरलं जातं. मग बालरक्षक शिक्षक शोध घेतात, घरी जातात. पण जे मूल आठवड्यात तीनच दिवस येतं, त्याचे तीस दिवस सलग कधी भरतच नाहीत. वर्षात शंभर खाडे पडले तरी ते कुठल्या यादीत येत नाही.

मोजणीचा स्वतःचाही एक रोग असतो. शिक्षकांची पदं पटावर ठरतात, धान्य हजेरीवर. आकड्यावर काही मिळू लागलं की आकडा फुगतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली, आणि पटावरची लाखो नावं जागेवर सापडली नाहीत.

मोजून झालं, पुढं काय करायचं? आपल्या भागात याची उत्तरं जुनी आहेत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९९२ पासून राज्य सरकारनं गरीब घरातल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना हजेरीमागे रोज एक रुपया भत्ता दिला. पंचाहत्तर वर्षांत रुपया तोच, फक्त आधी घ्यायचा होता आणि मग द्यायचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तिसरीच वाट धरली. घर लांब आहे, खायला नाही, म्हणून पोरगं येत नाही ना? मग राहायलाच आण. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. साताऱ्यात अंतराचा प्रश्न आजही संपलेला नाही. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, या बातमीची २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. अशा मुलीच्या घरी 'रोज शाळेत पाठवा' असा संदेश पाठवून काय होणार?

कारण कधीकधी पोटातही असतं, शब्दशः. केनियातल्या ७५ शाळांत मुलांना जंताची गोळी दिली तेव्हा गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशानं घटली. त्या आकडेमोडीवर पुढं बराच वाद झाला, पण आपल्याकडेही २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, आणि त्यामागचा एक हेतू हाच.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग मात्र साध्या पत्रांचा आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात २८ हजारांहून जास्त घरं घेतली आणि त्यातल्या काहींना पत्रं पाठवली. मूल यंदा एकूण किती दिवस आलं नाही, एवढाच मजकूर. ज्या घरांत पत्रं गेली, तिथं दहा टक्क्यांहून जास्त दिवस चुकवणारी मुलं दहा टक्क्यांच्या वर घटली. वर्गातल्या इतरांशी तुलना जोडली तर त्यात काही वेगळी भर पडली नाही. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पत्र चालतं ते का? पालक खोटं बोलत नसतात, त्यांची बेरीज चुकते. एकेक खाडा त्या दिवशी रास्तच वाटतो. शाळेच्या ग्रुपवर रोज 'आज गैरहजर' असं कळवलं तरी बेरीज होत नाही.

याउलट, आपल्या आवडत्या बक्षिसाचं काय? शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र! कॅलिफोर्नियात पंधरा हजारांवर विद्यार्थ्यांत हे तपासलं. आधीच्या पूर्ण हजेरीबद्दल अचानक गौरव झालेली मुलं पुढं उलट जास्त दिवस चुकवू लागली. आपण अपेक्षेपेक्षा जास्तच करतोय, असा अर्थ त्यांनी काढला असावा. स्नेहसंमेलनात तसं प्रमाणपत्र मीही घेतलंय, म्हणून हे वाचून जरा लागलं.

आणि ऊस. गळीत हंगाम सुरू झाला की जतकडची, बीडकडची कुटुंबं कोयता घेऊन कृष्णाकाठी येतात. मूल नावानं गावच्या शाळेत असतं, देहानं फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत. तिकडच्या हजेरीपत्रकात लाल खुणांची रांग, इकडच्यात नावच नाही. एकाच मुलाची गैरहजेरी एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे शून्य. यासाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे मूल जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. पण कार्ड द्यायचं तर मूल जाण्याआधी कळायला हवं. ते कळतं आडव्या ओळीतून: गेल्या वर्षीही दिवाळीनंतर याच नावासमोर लाल रांग सुरू झाली होती का?

त्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजींनी बारक्याच्या ताईची ओळ जूनपासून बोटानं मोजली. एकोणीस खाडे, बहुतेक गुरुवारचे. गुरुवार बाजाराचा. आई माळव्याची पाटी घेऊन बाजाराला जाते. संध्याकाळी तिच्या दारात त्यांनी फक्त आकडा सांगितला. "एकोणीस? मला वाटलं चार-पाच असतील," ती म्हणाली. बारका दीड वर्षाचा, अंगणवाडीत तीन वर्षांखालच्यांना बसवत नाहीत. मग ठरलं की गुरुवारी त्याला घेऊनच यायचं.

पुढच्या गुरुवारी उभ्या बेरजेत २८ आले. बारका खिडकीखाली सतरंजीवर झोपला होता. त्याच्या नावाचा चौकोन कुठल्याच पानावर नव्हता.