'ताज'ची पाठ समुद्राकडे?

मुंबईतल्या 'ताज'चा नकाशा चुकून उलटा बांधला गेला आणि ते पाहून इंग्रज आर्किटेक्टने जीव दिला, ही कथा निव्वळ थाप आहे. मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य यांचा. काम पुरं होण्याआधीच ते आजारपणात वारले. मग चेंबर्स या इंग्रजाने ते तडीस नेलं. हॉटेल 1903 मध्ये सुरू झालं.

इंग्रजी 'यू'सारख्या इमारतीची सलग बाजू समुद्राकडे ठेवली, की जास्त खोल्यांना बंदर दिसतं. घोडागाड्या शहराकडून येत, म्हणून दारही तिकडेच. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. आणि ज्या गेटवेमुळे समोरची बाजू 'दर्शनी' वाटते, तो तर 1924 चा!