४,२९,४९,६७,२९७: फर्माचा फसलेला अंदाज

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की येते ४,२९,४९,६७,२९७. संख्या सिद्धांतात ती गाजली ती मूळ संख्या नसल्यामुळे.

तुलूझच्या न्यायालयात काम करून उरलेल्या वेळात गणित करणाऱ्या पिएर द फर्माने १६४० मध्ये फ्रेनिकल या गणितप्रेमीला एका पत्रात आपला अंदाज कळवला. २ चे १, २, ४, ८ आणि १६ वे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या. पुढेही असंच चालणार, असं त्याने धरलं. सिद्धता हाती नाही हे कबूल करून, पण खात्रीने.

जवळजवळ नव्वद वर्षं कोणी हात घातला नाही. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितज्ञाने तरुण गणितज्ञ ऑयलरला लिहिलेल्या पत्राच्या ता. क. मध्ये हा प्रश्न टाकला. ऑयलरने आधी तो फारसा मनावर घेतला नाही, पण १७३२ मध्ये उत्तर दिलं: ६४१ × ६७,००,४१७.

युक्ती त्याने नंतर उलगडून दाखवली. या संख्येला भाग जाणारी कोणतीही मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठी असावी लागते. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढ्याच तपासायच्या आणि पाचवीला काम फत्ते. पडताळा तर भागाकार न करताही घेता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्यावरून, ५ × १२८ ला ६४१ ने भागलं तर बाकी −१. त्याच्या चौथ्या घाताची बाकी १. तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवलं की २ चा ३२ वा घात −१ बाकी देतो. त्यात १ मिळवा, बाकी शून्य.

गंमत अशी की असली चाळणी फर्माकडेही होती. त्याच वर्षी तिच्याच जोरावर त्याने २ च्या ३७ व्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता. शिवाय त्याचंच एक प्रमेय सांगतं की मूळ संख्येपेक्षा १ ने कमी एवढा घात (तिने भाग न जाणाऱ्या आकड्याचा) घेऊन त्या मूळ संख्येने भागलं तर बाकी १ उरते. ते ३ हा आकडा घेऊन लावलं असतं, म्हणजे ३२ वेळा वर्ग करत बाकी काढली असती, तरी पितळ उघडं पडलं असतं. २ घेतला तर मात्र ही संख्या बेमालूम मूळ असल्याचं सोंग आणते. आणखी एक खूण आहे: ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे ही संख्या, आणि ६२,२६४ व २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीजही हीच. मूळ संख्या अशी दोन प्रकारे फोडता येत नाही.

अंदाज फसला तरी या संख्या अडगळीत गेल्या नाहीत. १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो हे १७९६ मध्ये गाउसने दाखवलं आणि फर्माच्या मूळ संख्यांचं नातं थेट भूमितीशी जुळलं. त्या पाच संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, आपल्या संख्येपेक्षा फक्त दोनने कमी. बाजूंची संख्या विषम असलेला, पट्टी-कंपासने रचता येणारा, इतक्याहून जास्त बाजूंचा सुसम बहुभुज आजवर माहीत नाही.

मालिकेतली पुढची संख्या, म्हणजे २ चा ६४ वा घात अधिक १, १८८० मध्ये लाँद्री या गणितज्ञाने फोडली. ६५,५३७ नंतरच्या लागोपाठ २८ संख्या संयुक्त ठरल्या आहेत. २ च्या ८,५८,९९,३४,५९२ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या संख्येचा निकाल अजून लागलेला नाही. ६५,५३७ च्या पुढे मूळ संख्या नसाव्यातच, असं आता बहुतेकांना वाटतं. सिद्धता त्याचीही नाही.