पिस्तुलावरचा दिवा निवडताना: लुमेन, कॅन्डेला आणि आपला डोळा

सीताबर्डीच्या बाजारात टॉर्च घ्यायला गेलं की दुकानदार आधी आकडा सांगतो. हा हजार लुमेनचा, तो तीन हजारांचा. एखाद्या स्वस्त खोक्यावर तर चक्क एक लाख लुमेन छापलेलं असतं. पिस्तुलाला लावायचा दिवा घेणारेही याच आकड्यापाशी अडकतात, मग तो रात्रपाळीचा पोलीस असो, रोकड नेणाऱ्या गाडीवरचा सशस्त्र रक्षक असो किंवा घरात परवान्याचं शस्त्र बाळगणारा कुणी असो. "किती लुमेनचा घेऊ?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याच्या उत्तरावरून अंधारात काय दिसेल ते कळत नाही. आणि हातात शस्त्र असताना समोर कोण आहे हे नीट न दिसणं किती महागात पडू शकतं, हे वेगळं सांगायला नको.

आधी त्या एक लाखाचा हिशेब करू. आजचा चांगला एलईडी एका वॅट विजेतून साधारण १५० लुमेन उजेड देतो. म्हणजे एक लाख लुमेनसाठी साडेसहाशे वॅटच्या वर वीज हवी. टॉर्चमध्ये असतो तो १८६५० नावाचा सेल, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्यात १० ते १२ वॅट-तास ऊर्जा मावते. एवढी वीज ओढली तर सेल जेमतेम मिनिटभर पुरेल, आणि मुळात तेवढी वीज एका दमात देण्याची त्याची ताकदच नसते. खोक्यावरचा तो आकडा सरळ खोटा आहे.

खऱ्या आकड्यांकडे वळू. लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. कॅन्डेला म्हणजे एका ठरावीक दिशेला तो किती एकवटला आहे त्याचं माप. ओलित करताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी तेवढंच राहतं, पण धार लांब जाते. लुमेन आणि कॅन्डेला यांचं नातं तसंच आहे. तिसरं माप लक्स. प्रत्यक्ष वस्तूवर किती उजेड पडला ते लक्स सांगतं, आणि ते काढायचं सूत्र शाळेतल्या मुलालाही जमेल: कॅन्डेलाला अंतराच्या वर्गाने भागायचं. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव राहतो.

उदाहरण पिस्तुलावरच्या दिव्यांचंच घेऊ. श्युअरफायर कंपनीचा एक्स ३०० अल्ट्रा हा दिवा १,००० लुमेनचा आहे, त्याची तीव्रता ११,३०० कॅन्डेला. स्ट्रीमलाइटचा टीएलआर-१ एचएल हाही १,००० लुमेनचाच, पण २०,००० कॅन्डेलाचा. आणि श्युअरफायरचाच एक्स ३०० टर्बो अवघ्या ६५० लुमेनचा असून ६६,००० कॅन्डेला देतो. लुमेन सर्वांत कमी आणि झोत सर्वांत लांब! फक्त लुमेन पाहून घेणारा माणूस या तिसऱ्या दिव्याला कमजोर समजून बाजूला ठेवेल.

असं का होतं, हे या विषयातलं मला सर्वांत आवडणारं भौतिकशास्त्र आहे. झोताची तीव्रता मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरते. एलईडीची चकती प्रति चौरस मिलिमीटर किती प्रखर आहे, आणि समोरून पाहताना परावर्तकाचं किंवा भिंगाचं किती मोठं क्षेत्र उजळलेलं दिसतं. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे जवळपास कॅन्डेला. चकती मोठी करून लुमेन वाढवले, पण तिची प्रखरता तेवढीच राहिली, तर झोत रुंद होतो, लांब जात नाही. म्हणून लांबवर मारा करणाऱ्या टॉर्चचं डोकं मोठं असतं. पूर्वीच्या पाच सेलच्या लांबलचक टॉर्चचं तोंडही उगाच पसरट नव्हतं. पिस्तुलावर मात्र मोठं डोकं परवडत नाही, कारण वजन वाढतं आणि होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानात, ते बसत नाही. त्यामुळे इथे बारीक आणि अतिशय प्रखर चकती वापरून, प्रकाशाच्या पूर्ण आंतरिक परावर्तनावर (भिंगाच्या आतल्या बाजूवरून प्रकाश पूर्ण परत फिरतो त्यावर) चालणाऱ्या प्लास्टिकच्या भिंगातून झोत घडवतात.

खोक्यावर दिव्याचा पल्ला मीटरमध्ये लिहिलेला असतो. टॉर्च मोजण्याचं एफएल-१ नावाचं अमेरिकी मानक २००९ साली आलं. त्यानुसार समोरच्या वस्तूवर ०.२५ लक्स उजेड उरतो ते अंतर म्हणजे पल्ला. ०.२५ लक्स म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेचं चांदणं. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की हा पल्ला मिळतो, त्यामुळे ११,३०० कॅन्डेलाचा पल्ला येतो २१३ मीटर. आता पौर्णिमेच्या रात्री दोनशे मीटरवरचा माणूस ओळखता येतो का? काहीतरी हललं, एवढंच कळतं. माझा साधा ठोकताळा असा: छापील पल्ल्याचा एक दशांश घ्यावा. तिथे उजेड शंभर पट, म्हणजे २५ लक्स असतो, शहरातल्या चांगल्या रस्त्यावर दिव्यांखाली असतो तेवढा. चेहरा आणि हातात काय आहे ते त्या उजेडात दिसतं. म्हणजे २१३ मीटरच्या दिव्याचा उपयोगी पल्ला सुमारे २१ मीटर.

हे वाचून सर्वांत जास्त कॅन्डेलाचा दिवा घ्यावासा वाटेल. घरात वापरायचा असेल तर तीही चूक ठरेल. नागपुरातल्या फ्लॅटमध्ये समोरची भिंत तीन मीटरवर असते आणि बहुतेक वेळा चुन्याची किंवा पांढऱ्या डिस्टेंपरची. ६६,००० कॅन्डेलाचा झोत तिच्यावर सात हजारांहून जास्त लक्स टाकतो. तो उजेड उलटून थेट आपल्याच डोळ्यांत येतो. झोताच्या मधला ठिपका पांढराफटक पडतो आणि त्याच्या कडेला, सोफ्यामागे किंवा दाराच्या सांदीत काय आहे, ते आणखीच काळं होतं. घरात कामाला येतो तो रुंद झोत, ज्याच्या भोवतीचा फिकट उजेडही भरपूर पसरतो. ५,००० कॅन्डेलाचा लहान दिवा तिथे पुरून उरतो. गोदामाच्या आवारात, हायवेच्या कडेला किंवा शेताच्या बांधावर मात्र लांब झोत लागतो. जागा आधी ठरवावी, मग आकडा.

डोळ्याचा हिशेब तर याहून वेगळा आहे. आपल्या डोळ्यांत अंधारासाठी सुमारे १२ कोटी शलाका पेशी असतात आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकू पेशी. शलाका पेशींतलं रोडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विरतं आणि अंधारात पुन्हा तयार होतं. त्याला अर्धा तास लागतो. जागलीला गेलेल्या शेतकऱ्याला मचाणावर बसल्यावर हळूहळू सगळं शिवार दिसू लागतं ते याच कारणाने, आणि एकदा टॉर्च थेट भिंतीवर किंवा पत्र्यावर मारली की ती सगळी कमाई क्षणात जाते. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली. अशा ठिकाणी आकाश पाहणारे मंद लाल दिवा वापरतात. शलाका पेशी लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत, त्यामुळे अंधारातली नजर शाबूत राहते.

दुसरी गोष्ट अशी की डोळा उजेडाची बेरीज सरळ करत नाही. उजेड आठपट केला तेव्हा कुठे तो दुप्पट वाटतो. ५०० लुमेनऐवजी १,००० लुमेनला जास्त पैसे मोजले तर डोळ्याला फरक जाणवतो जेमतेम सव्वापट. सेल मात्र दुप्पट वेगाने संपतो आणि उष्णताही दुप्पट होते.

ही उष्णता आपल्याकडे दुर्लक्ष करण्यासारखी नाही. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो आणि मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या कवचातून तो बाहेर टाकावा लागतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वरही जातो, रात्रीही हवा लवकर थंड व्हायला तयार नसते. मग दिव्यातलं सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी उजेड कमी करतं. एफएल-१ मानकात लुमेन मोजतात ते दिवा लावल्यावर ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान, आणि किती वेळ चालतो हे ठरवताना उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. त्यामुळे 'दीड तास' लिहिलेलं असलं तरी दीड तास पूर्ण उजेड मिळत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर लिथियमचे सेल ठेवू नयेत, हे तर नागपूरकराने पाठच करावं. पिस्तुलावरच्या अनेक दिव्यांत ३ व्होल्टचे सीआर १२३ए सेल लागतात. दोन सेल असतील तर एक जुना आणि एक नवा असं कधीही घालू नये. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून उलटी वीज ढकलतो, आणि सेल तापून फुटू शकतो.

पिस्तुलावरचा दिवा साध्या टॉर्चहून वेगळा का बनवावा लागतो, याचं उत्तर धक्क्यात आहे. गोळी सुटताना पिस्तूल झटक्याने मागे येतं. जुन्या बल्बची तार अशा झटक्यांनी तुटायची. एलईडीत तार नसते, म्हणून हे छोटे दिवे इतके भरवशाचे झाले. तरी सेल आतल्या आत हलतातच. स्प्रिंग एकाच बाजूला असेल तर धक्क्याच्या क्षणी संपर्क तुटून दिवा लुकलुकतो. म्हणून चांगल्या दिव्यात दोन्ही टोकांना स्प्रिंग असते. दिवा बसवायला नळीखाली खाचांची रेल लागते. अमेरिकी लष्कराने अशा रेलचं माप १९९५ साली ठरवून दिलं, पण पिस्तुलांवर कंपन्यांच्या स्वतःच्याही खाचा असतात, त्यामुळे मॉडेल जुळतं का ते पाहावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या .३२ पिस्तुलांना आणि रिव्हॉल्वरना अशी रेलच नसते. तिथे जुगाड करून दिवा बांधण्यापेक्षा हातातली टॉर्च हजार पटीने बरी.

खरं तर रेल असली तरी हातातली टॉर्च आधी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पिस्तुलावरचा दिवा जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. रात्री अंगणात खुडबुड झाली आणि त्या दिव्याने शोधायला लागलात, तर शेजारचे काका, दूधवाला, घरातलं पोर, जो कुणी असेल त्याच्यावर तुम्ही भरलेलं शस्त्र रोखलं. शोधायचं काम हातातल्या टॉर्चचं. शस्त्रावरचा दिवा ओळख पक्की करण्यापुरता, तोही शस्त्र बाहेर काढणं कायद्याने आणि परिस्थितीने अटळ झालं तरच. बटणाची जागाही पाहावी. काही दिव्यांचं बटण मुठीवर, मधल्या बोटाखाली येतं. आपल्या बोटांना वाकवणारे स्नायू एकमेकांशी जोडलेले आहेत. मधलं बोट जोरात आवळलं की तर्जनीही थोडी ओढली जाते. अमेरिकेत दिवा लावायला जाताना पोलिसांच्या हातून गोळी सुटल्याच्या घटना घडल्या आहेत. बटण ट्रिगरपासून दूर, अंगठ्याने दाबायचं असलेलं बरं.

हातातल्या टॉर्चचा आणखी एक फायदा भूमितीचा आहे. जानेवारीत पहाटे उमरेड किंवा रामटेकच्या वाटेवर धुकं असतं. दिवा डोळ्यांच्या रेषेत धरला, तर धुक्याचे थेंब उजेड सरळ डोळ्यांत परत पाठवतात. पिस्तूल नेमकं त्याच रेषेत असतं. टॉर्च कमरेजवळ धरली की समोरचा पांढरा पडदा बराच विरळ होतो. पिवळ्या उजेडाने धुकं भेदतं ही समजूत मात्र खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात, की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. जनावर शोधताना हीच भूमिती उलटी वागते. चितळ, बिबट, वाघ यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो, तो आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतो. ती चमक दिसायला टॉर्च कपाळाजवळ धरावी लागते. कमरेपाशी धरली तर बिबट समोर असूनही डोळे चमकताना दिसणार नाहीत.

रंगाचंही पाहावं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झालं, त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त पांढऱ्या एलईडीत लाल रंग कमी असतो, त्यामुळे सागाच्या वाळल्या पानांवरची घोणस पानांतच मिसळून जाते. रंग खरे दाखवणाऱ्या एलईडीत लुमेन थोडे कमी मिळतात. शेतासाठी टॉर्च घेताना मी तो तोटा आनंदाने सोसेन.

घेण्याआधी दुकानात किंवा घरी एक मोजणी करता येते. मोबाइलवर लक्स मोजणारं ॲप घ्या. टॉर्च, किंवा पिस्तुलाला न लावलेला सुटा दिवा, पाच मीटरवर ठेवून झोताचा मधला भाग मोबाइलच्या वरच्या कडेजवळच्या सेन्सरवर पाडा. आलेल्या लक्सला २५ ने गुणलं की कॅन्डेला मिळतात. मोबाइलचा सेन्सर अचूक नसतो, पण एकाच मोबाइलने दोन दिवे मोजले तर त्यांच्यातलं प्रमाण बऱ्यापैकी कळतं. दिवा दहा मिनिटं चालू ठेवून पुन्हा मोजा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून खाली गेला असेल, तर तो दिवा मे महिन्यात कसा वागेल ते तिथेच कळतं.