प्रोसेसरची पाळी

दिवाळी सरली की राजापूरकडच्या वाड्यांत पऱ्याला दगडामातीचा बांध पडतो, पाटानं पाणी पोफळींत येतं आणि घरोघरच्या पाळ्या ठरतात. पाळी संपली की पाणी शेजाऱ्याकडे वळवायचं, चार झाडं कोरडी राहिली तरी. सामायिक मेनफ्रेमवर, म्हणजे अनेकांची कामं एकत्र चालवणाऱ्या मोठ्या संगणकावर, एकेकाला प्रोसेसर किती वापरू द्यायचा, हे भांडणही याच जातीचं.

ते पेटलं अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. नोव्हेंबर १९६१मध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूनं आयबीएम ७०९ या संगणकावर सीटीएसएस ही यंत्राचा वेळ अनेकांत वाटणारी प्रणाली चालवून दाखवली. एकाच यंत्रावर अनेकजण एकदम काम करू लागले, म्हणून प्रत्येकाला वेळेचा कोटा आणि पासवर्ड. अ‍ॅलन शेर या संशोधकाला आठवड्याला ४ तास मिळत, ते पुरेनात. १९६२मध्ये त्यानं पंचकार्ड देऊन पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या खात्यांवर काम उरकलं. कबुली दिली ती पंचवीसेक वर्षांनी. रात्री पाट फोडणारे आपल्याकडेही आहेत, कबुली मात्र कोणी देत नाही.

१९६४मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेमच्या घराण्यात मर्यादा जॉब कार्डावरच, म्हणजे यंत्राला काम (जॉब) सोपवणाऱ्या सूचनेतच, लिहितात. टाइम=(५,३०) म्हणजे ५ मिनिटं ३० सेकंद; घड्याळातली नव्हेत, प्रोसेसर त्या जॉबवर खरोखर राबला तेवढीच. ती संपली की जॉब 'एस३२२' हा वेळ संपल्याचा संकेत देऊन आडवा, मग हिशेबाचे शेवटचे चारच रेकॉर्ड उरलेले का असेनात. टाइम=१४४० लिहिलं की मर्यादाच उठते.

यात मोठी फट होती. बांध जॉबला, माणसाला नाही. एकाच माणसानं दहा जॉब टाकले तर? शिवाय कोणालाच नको असलेला वेळ साठवून ठेवता येत नाही, तो वाहून जातो. यावर उत्तर आलं ते वाट्याचं. सिडनीतल्या के आणि लॉडर यांनी १९८८मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीसाठीचा 'शेअर' शेड्युलर, म्हणजे प्रोसेसरच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम, मांडला: अलीकडे ज्यानं जास्त वापरलं तो मागे, जुना वापर हळूहळू विसरायचा, आणि गर्दी नसेल तर हवं तेवढं घ्या. मला यातलं हे विसरणंच सर्वांत शहाणपणाचं वाटतं. मेनफ्रेमवर १९९४मध्ये एमव्हीएस या आयबीएमच्या कार्यप्रणालीसोबत वर्कलोड मॅनेजर आला. कामाचं महत्त्व आणि उद्दिष्ट सांगा, वाटप तो बघतो. एखाद्या गटाला कमाल मर्यादा घालायची सोयही त्यात आहे.

पुढे कारणच बदललं. सॉफ्टवेअरचं मासिक बिल प्रोसेसरच्या वापराच्या चार तासांच्या सरकत्या सरासरीनं महिन्यात गाठलेल्या शिखरावर ठरू लागलं. आता सरासरी ठरवलेल्या आकड्यावर गेली की प्रोसेसर मोकळा असूनही कामं रोखली जातात. बांधावरून पाणी वाहतंय आणि पाट बंद.