युरोपात बाइक: टूर घ्या किंवा स्वतः आखा, कागद मात्र आधी

आल्प्समध्ये बाइक चालवायची म्हटलं की आपण आधी घाट निवडतो, मग बाइक, मग तारखा. लायसन्स कपाटातून बाहेर येतं ते सगळ्यात शेवटी. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. गाइडसोबतच्या टूरला पैसे भरलेत किंवा रोजचा मुक्काम स्वतः शोधलात, तरी लायसन्स, आंतरराष्ट्रीय परवाना आणि शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) हे तीन कागद तुमच्या नावाचे आणि तुमच्या जबाबदारीचे असतात. टूर कंपनी हॉटेल देते, बाइक देते, सामान वाहणारी गाडी देते. लायसन्समधली चूक ती दुरुस्त करू शकत नाही.

लायसन्स आणि परवाना

लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरची मोटरसायकल, हा वर्ग हवा. फक्त बिनगिअरचा वर्ग असेल तर तो आधी वाढवून घ्या. आपल्याकडे हा वर्ग एकदा मिळाला की बाइक १०० सीसीची असो की १२०० ची, कायद्याला फरक पडत नाही. युरोपात पडतो. तिथे ए१ हा वर्ग १२५ सीसीपर्यंत, ए२ हा ३५ किलोवॉट ताकदीपर्यंत आणि त्यापुढच्या सगळ्या बाइकसाठी पूर्ण 'ए'. तिथल्या तरुणाला थेट पूर्ण 'ए' साधारण चोविसाव्या वर्षी मिळतो. त्यामुळे मोठी बाइक भाड्याने देणारे तुमचं वय आणि लायसन्स किती जुनं आहे हे दोन्ही बघतात. कुठे २१ वर्षांची अट असते, कुठे २५ ची. पैसे भरण्याआधी ही ओळ शोधून वाचा.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओ देतं. भारत १९४९ च्या जिनिव्हा कराराचा सदस्य आहे आणि परवाना त्याच करारानुसार निघतो. अर्ज फॉर्म ४ए मध्ये, परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून ऑनलाइन भरता येतो. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर परवानाही तिथेच संपतो, म्हणून लायसन्स संपत आलं असेल तर आधी त्याचं नूतनीकरण करा. लायसन्स, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतात. २०२१ साली केंद्राने नियम बदलून वैद्यकीय प्रमाणपत्राची आणि व्हिसाची अट काढली. तरी तिकीट असेल तर त्याची प्रत सोबत ठेवा, कुणी मागितली तर एक फेरी वाचते. परवाना व्हिसाच्या आधी निघू शकतो, याचा फायदा घ्या. बाइक देणारे आणि टूर कंपन्या बुकिंगच्या वेळीच त्याची प्रत मागतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. परवान्यात वाहनांचे वर्ग 'ए' ते 'ई' असे छापलेले असतात आणि तुम्हाला ज्यांची परवानगी आहे त्यांच्यासमोरच शिक्का असतो. मोटरसायकल म्हणजे 'ए', चारचाकी म्हणजे 'बी'. माझ्या पहिल्या परवान्यावर शिक्का फक्त 'बी' समोर होता. खिडकीवरच्या माणसाने गृहीत धरलं की परदेशात जाणारा कारच चालवणार, आणि मीही न बघता पाकीट बॅगेत टाकलं. घरी आल्यावर लक्षात आलं, सुदैवाने निघायला महिना होता. त्या परवान्यावर बाइक चालवली असती तर कायद्याच्या नजरेत मी विनापरवाना ठरू शकलो असतो, आणि अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात वर करायला तेवढं कारण पुरेसं होतं. म्हणून परवाना हातात आला की तिथेच उभं राहून 'ए' समोरचा शिक्का बघा. नाव, जन्मतारीख आणि लायसन्स नंबरही तिथेच ताडून घ्या.

नावाबद्दल थोडं सविस्तर, कारण हा घोळ खास आपल्याकडचा आहे. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. लायसन्सवर कधी वडिलांचं नुसतं आद्याक्षर, कधी आडनाव आधी. बायकांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं. आपल्याला ती एकच व्यक्ती दिसते, परदेशातल्या काउंटरवरच्या माणसाला दोन दिसतात. परवाना आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षरशः एक असू द्या. त्यासाठी लायसन्समध्ये दुरुस्ती करावी लागली तर वेळ लागतो, म्हणून हे काम सहा महिने आधी.

व्हिसा: रात्री मोजा

शेंगेन क्षेत्रात आता २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आला, बल्गेरिया आणि रोमेनिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन आणि आयर्लंडचे व्हिसा वेगळे. एका व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यावर बाइकवाले हमखास अडखळतात. विमान कुठे उतरतं हे इथे गौण आहे. ज्या देशात सर्वाधिक राहणार त्या देशाकडे अर्ज, आणि मुक्काम सारखेच असतील तरच आधी प्रवेश करणार तो देश. समजा म्युनिकला उतरलात, जर्मनीत ३ रात्री, ऑस्ट्रियात ४, इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगररांगा आणि स्टेल्व्हिओ घाटाच्या बाजूला ५, स्वित्झर्लंडमध्ये २. बाइक जर्मनीची, विमान जर्मनीचं, पण अर्ज इटलीकडे. गाइडसोबतच्या टूरमध्येही हेच गणित चालतं. टूर ऑस्ट्रियाच्या कंपनीची आहे म्हणून ऑस्ट्रियाकडे अर्ज करणं चूक. टूरआधी आणि नंतर तुम्ही स्वतः जोडलेल्या रात्रीही मोजाव्या लागतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, काही प्रकरणांत ४५ पर्यंत. खरी अडचण अपॉइंटमेंटची असते, उन्हाळ्याच्या तोंडावर त्या भराभर संपतात. बहुतेक देशांचे अर्ज व्हीएफएस ग्लोबल या खासगी कंपनीच्या केंद्रांत घेतले जातात, स्पेनचे बीएलएस या दुसऱ्या कंपनीकडे. पुण्याच्या केंद्रात तुमचा देश आहे की मुंबईलाच जावं लागेल, ते आधी बघा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांची ४५, शिवाय केंद्राचा सेवा आकार. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि नोकरी असेल तर रजेचं पत्र. धंदा असेल तर त्याची नोंदणी. शेतीचं उत्पन्न असेल तर सातबारा आणि आठ-अ लावा, पण सोबत इंग्रजी भाषांतर हवंच. मागे बसून येणाऱ्या बायकोला लायसन्स लागत नाही, पण तिची फाइल स्वतंत्र. ती कमावत नसेल तर खर्च उचलत असल्याचं तुमचं पत्र आणि विवाह प्रमाणपत्राचं भाषांतर त्यात घालायचं.

टूर आणि स्वतंत्र प्रवास यांतला फरक फाइलमध्ये इथे दिसतो. टूर असेल तर कंपनीचं एक पत्र पुरतं. तारखा, मुक्काम, मार्ग, भरलेली रक्कम सगळं त्यात असतं. फक्त पत्रात तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे आणि पासपोर्ट क्रमांकासह लिहून घ्या. स्वतः जाणार असाल तर प्रत्येक रात्रीचं बुकिंग, बाइक भाड्याची पावती आणि तारीखवार मार्ग एकमेकांशी जुळायला हवेत. हा मार्ग लिहिताना रोजचे किलोमीटर खरे टाका. घाटात २५० किलोमीटर म्हणजे पूर्ण दिवस. ४५० लिहिलेत तर अधिकाऱ्याला शंका येईल, आणि खरंच तसं करायला गेलात तर अंगाशी येईल. बुकिंगं रद्द करता येण्याजोगी घ्या.

एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर शेंगेनबाहेर पाय टाकू नका. क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला जायला पूर्वी बोस्नियाच्या न्यूम गावातून जावं लागे, २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल झाल्यापासून क्रोएशियातूनच जाता येतं. पण तिथून मॉन्टेनेग्रोमधलं कोटोर बघायला गेलात तर एकप्रवेशी व्हिसावर परत येता येणार नाही. असा बेत असेल तर बहुप्रवेशी व्हिसा मागा आणि कारण पत्रात लिहा.

टूर की स्वतः

ऑस्ट्रियाच्या तिरोलमधली एडलवाइस बाइक ट्रॅव्हल, माद्रिदची आयएमटी बाइक अशा कंपन्या अनेक वर्षं गाइडसोबतच्या टूर चालवतात. युरोपात नोंदणी असलेल्या आयोजकाकडून टूर घेण्याचा एक फायदा जाहिरातीत ठळक दिसत नाही. युरोपीय संघाचा सहल-पॅकेजविषयीचा २०१५ चा निर्देश १ जुलै २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात 'ए' वर्गाची मोटरसायकल भाड्याने देणं ही स्पष्टपणे प्रवासी सेवा धरली आहे. म्हणजे हॉटेल आणि बाइक एकत्र विकली की ते पॅकेज. मग ठरल्याप्रमाणे सेवा देण्याची जबाबदारी आयोजकाची आणि तो बुडाला तर तुमचे पैसे सुरक्षित ठेवण्याची तरतूदही त्याची. भाव ८ टक्क्यांहून जास्त वाढवला तर तुम्ही दंड न भरता करार मोडू शकता. जमत नसेल तर सुरुवातीच्या किमान सात दिवस आधी कळवून जागा दुसऱ्याच्या नावावर करता येते, वाढीव खर्च असेल तो भरावा लागतो.

पण व्हिसा नाकारला जाणं हे या निर्देशात रद्द करण्याचं फुकट कारण नाही. करारातली नेहमीची कपात होतेच. म्हणून आगाऊ रक्कम भरण्याआधी रद्द करण्याच्या तारखा आणि तुमचा व्हिसा हातात येण्याची शक्यता समोरासमोर ठेवा. भारतातल्या कंपनीकडून टूर घेतली तर व्हिसाच्या फाइलला मदत मिळते, वाद झाल्यास इथेच दाद मागता येते. अशा पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने पैसे घेतानाच गोळा केलेला आयकर, कापला जातो, त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात. तो विवरणपत्रात वजा करून मिळतो, म्हणून पॅन बरोबर द्या आणि पावती जपा.

माझं मत विचाराल तर, पहिल्यांदा जाणाऱ्याने आणि दहा दिवसांचीच रजा असणाऱ्याने गाइडसोबत जावं. आयुष्यभर डावीकडून चालवलेला हात पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक वळणावर डावीकडे ओढतो, आणि तेव्हा पुढे चालणारी एक बाइक फार मोठा आधार असते. तीन आठवडे असतील, सोबत ओळखीचे दोघे-तिघे असतील, तर स्वतः आखा. स्टेल्व्हिओ २,७५७ मीटरवर आहे. तो सहसा मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतो. धुकं उतरलं तर खाली गावात एक दिवस थांबायची मोकळीक स्वतःच्या आखणीतच असते.

बाइक घेताना

अनामत रक्कम चालवणाऱ्याच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर अडकवली जाते. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही. कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा आधी वाढवून घ्या. कोणत्या देशांत बाइक नेता येते ते करारात बघा, शेंगेनबाहेर जायला बहुधा लेखी परवानगी लागते. टूरमध्ये हे प्रश्न आयोजक सोडवतो, पण अनामत तिथेही तुमचीच.

व्हिसासाठी घेतलेला विमा बाइकवरच्या अपघातात चालतो का, हे पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींत शोधा. काही पॉलिसींत ठरावीक सीसीच्या वरची दुचाकी वगळलेली असते. डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलावं लागलं तर तो खर्च आहे का, हेही विचारा. हेल्मेट ईसीई २२ या युरोपातल्या मानकाप्रमाणे प्रमाणित हवं, नुसता आयएसआय शिक्का तिथे पुरत नाही. फ्रान्समध्ये प्रमाणित हातमोजे सक्तीचे आहेत, ऑस्ट्रियात बाइकवरही प्रथमोपचार पेटी. स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठी ४० फ्रँकचा वार्षिक टोल, बाइकलाही तेवढाच. ऑस्ट्रियात बाइकसाठी कमी दिवसांचा मिळतो. आपत्कालीन क्रमांक ११२.

स्वतःची भारतीय नोंदणीची बाइक रस्त्याने न्यायची असेल तर हे सगळं वेगळं होतं. युरोपीय संघ स्वतः कार्नेट, म्हणजे वाहन तात्पुरतं आणून परत नेण्याची हमी देणारा सीमाशुल्काचा कागद, मागत नाही, वाटेतला इराण मागतो. मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे त्यासाठी अर्ज करता येतो आणि बाइकच्या किमतीच्या प्रमाणात हमी ठेवावी लागते. प्रत्येक सीमेवर आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही शिक्के घ्यायचे. बाहेर पडतानाचा एक जरी राहिला तरी बाइक त्या देशातच आहे असं धरलं जातं आणि हमीची रक्कम अडकून पडते.